कोचीत वहिनी जेवल्या

एका सकाळी पुतण्याचा फोन आला. "काका, आई गेली," एवढंच तो बोलला. मी बालाघाटहून वारासिवनीला पोचलो तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं आणि माझा थोरला भाऊ, दादा, भिंतीला पाठ टेकून बसला होता. त्या दिवसाला आता काही आठवडे झाले. येणारे जाणारे वहिनींच्या हातच्या मासळीची आठवण काढतात. वैनगंगेचा मासा त्यांच्यासारखा कुणालाच रांधता येत नसे, हे खरं आहे. मला मात्र त्या सारख्या आठवतात कोचीत, एका लहानशा खानावळीत, दुसऱ्या बाईच्या हातचं जेवताना...

काही वर्षांपूर्वी पुतण्या तिकडे नोकरीला होता. त्यानं दादा, वहिनी आणि मला बोलावून घेतलं आणि जुन्या शहरातल्या एका लॉजवर आमची सोय केली. आमच्या घरी प्रवास म्हणजे बायकांनी स्वयंपाकघर बरोबर न्यायचं. दादानं विजेची शेगडी, कुकर आणि घरच्या बारीक, सुवासिक चिन्नोर तांदळाची थैली बांधून घेतली होती. समुद्राकाठचं अन्न आपल्याला सोसत नाही, हे त्यानं समुद्र पाहण्याआधीच ठरवलं होतं. पहिले दोन दिवस आम्ही दोघं किनाऱ्यावरची मोठी जाळी आणि जुनी चर्चं पाहून येत होतो आणि वहिनी लॉजच्या मागच्या ओसरीत खिचडी शिजवत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी शेगडी पुसली आणि पिशवीत भरून टाकली.

"हे काय?" दादानं विचारलं.

"आज बाहेर जेवू."

"बाहेरचं तुले पचन काय?"

"तुमच्या मायच्या हाताखाली समदं पचवलं मी. हे बी पचवून पाहीन." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊजी, मले समुद्र दाखवाले आणलं का भांडे घासाले?"

दादा चपला घालू लागला.

किनाऱ्यालगत दिव्यांची, रंगीत चित्रांची पुष्कळ हॉटेलं होती. वहिनी प्रत्येकाच्या दारात थांबत, आत डोकावत आणि पुढे जात. दादा कावला. "तुले पायजे तरी काय?" त्या म्हणाल्या, "रांधणारी दिसू तर द्या." असं करत आम्ही मट्टानचेरीच्या मसाल्याच्या गल्लीत शिरलो. सुंठ आणि मिऱ्यांचा वास नाकात झोंबत होता. तिथे चार बाकांची एक खानावळ होती. मागे चुलीजवळ एक बाई उभी होती आणि तिच्या शेजारी ताटानं झाकलेली एक थाळी होती. "तिनं सोतासाठी बी काढून ठेवलं आहे," वहिनी म्हणाल्या. "इथंच बसू."

केळीच्या पानावर जाड, तांबूस भात आला. "हा भात आहे का चुरमुरे?" दादा पुटपुटला. त्यामागून माशाचं लालभडक कालवण आलं, कोकमासारख्या काळ्या, आंबट फळाचं. बाई वाढायला आली तशा वहिनी सवयीनं उठल्या आणि पातेल्याकडे हात नेऊ लागल्या. बाईनं हसून त्यांचा खांदा दाबला आणि खाली बसवलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. वहिनींनी पहिला घास घेतला, मग दुसरा. मग पानाकडे पाहत थांबल्या. मला वाटलं, तिखट लागलं असेल.

"भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या, "मासा गरम असला का असा लागते, हे मले माहीतच नोतं."

दादाचा हात पानावरच राहिला. इतकी वर्षं वैनगंगेचा मासा आम्ही त्यांच्या हातचा खाल्ला, आणि प्रत्येक वेळी सगळ्यांचं उरकल्यावर त्यांच्या वाट्याला निवलेला रस्सा आला होता. त्यांनी ते तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. कालवणाची तारीफ केली होती फक्त. म्हणूनच ते ऐकायला जड गेलं.

घरी परतल्यावर त्यांनी कुणाशी वाद घातला नाही. स्वयंपाक झाला की पातेली मध्ये आणून ठेवत आणि आमच्याबरोबर आपलंही ताट मांडून बसत. "ज्याले लागन त्यानं घ्या," म्हणत. शेजारणी हसल्या, नंतर हसायच्या थांबल्या. दादा पहिल्या दिवशी अवघडला. पुढे पुढे वहिनी हात धुऊन येईपर्यंत तो भात कालवेनासा झाला. साऱ्या घराला जे कधी सुचलं नाही, ते वहिनींनी आवाज न चढवता घडवून आणलं... मी पुस्तकांत आयुष्य घालवलं, पण अशी शांत हिंमत क्वचितच पाहिली.

मागच्या रविवारी मी वारासिवनीला गेलो होतो. दादाच्या हिंदी बोलणाऱ्या सुनेनं मासा केला होता. दादाचं आणि माझं ताट वाढून ती आत पोळ्या लाटायला गेली. जरा वेळानं डोकावली, तर दादाचं ताट तसंच. तिला वाटलं, दुःखानं घास उतरत नसेल.

"बाबूजी, खा लो ना थोडा. ठंडा हो जाएगा."

दादानं सरकून शेजारी जागा केली.

"होतीन त्या पोळ्या मंग," तो म्हणाला. "तू बस पहिले."