लीलाबाईंचा शनिवार आणि माझा शेपू

लीलाबाई साळवे यांना हसताना तुम्ही पाहिलं नसेल, तर एका मोठ्या सुखाला मुकला आहात. आधी खांदे हलतात, मग चष्मा निघतो, मग आवाज येतो. तो आला की सिडकोतल्या त्यांच्या इमारतीत खालच्या मजल्यावरचे लोकही कारण नसताना हसायला लागतात. वय एकोणसत्तर. सरकारी दवाखान्याच्या मनोविकार विभागात त्या तीस वर्षं समाजसेवा अधीक्षक होत्या. निवृत्तीनंतर त्यांनी आराम करावा असं त्यांच्या मुलाचं मत होतं. त्याला कुणी विचारलं नाही.

दर शनिवारी तीन वाजता आम्ही चौघं समुपदेशक त्यांच्या बैठकीत जमतो. याला सुपरव्हिजन म्हणतात. लोक आमच्याकडे मन मोकळं करायला येतात, आणि त्यांच्याशी वागताना आमचं कुठं चुकतंय हे बघायला आम्ही बाईंकडे जातो. नियम दोन. आठवड्यातली चूक कबूल केल्याशिवाय चहा नाही. आणि येणाऱ्या माणसाचं खरं नाव त्या घरात घ्यायचं नाही. त्याची गोष्ट पहिल्यांदा निघेल त्या दिवशी बाईंच्या पिशवीत जी भाजी असेल, ते त्याचं नाव. त्यामुळे "फ्लॉवरला पुन्हा झोप लागेना", "भेंडीनं आईशी बोलणं टाकलं" अशी वाक्यं आम्ही अगदी गंभीर तोंडानं बोलतो. सुरुवातीला मला हसू आवरायचं नाही. पुढं सवय झाली, आणि सवयीनंच घात केला.

माझ्याकडे दवाखान्यात दर गुरुवारी वाळूजच्या कारखान्यातला एक मशीन ऑपरेटर यायचा. मूळचा सोयगावकडचा, खोली करून एकटा राहणारा. छातीत धडधड, झोप उडालेली, रिपोर्ट सगळे नॉर्मल. सहा गुरुवार तो फक्त मशीनबद्दल बोलला. त्याचं तोंड उघडावं कसं, हे मी बाईंना इतक्यांदा विचारलं होतं की माझ्या डोक्यात त्याचं खरं नाव उरलंच नव्हतं. सातव्या गुरुवारी मी दार उघडलं आणि मोठ्या प्रसन्नपणे म्हणाले, "या शेपू, बसा."

तो बसला नाही. "कोण?"

शहाणं माणूस इथं माफी मागतं. मी म्हणाले, "आमच्या मांजराचं नाव आहे. चुकून आलं."

आमच्याकडे मांजर नाही. तो दहा मिनिटं टेकला, चुळबुळ करत राहिला, आणि "मॅडम, पुढच्या गुरुवारी जमायचं नाय बहुतेक," म्हणून निघून गेला. मी दार लावून रडले. मनाच्या दुखण्यासाठी दवाखान्याची पायरी चढायला या माणसानं वर्ष घालवलं होतं. आता तो दुसरीकडे कुठं जाणार होता? हे काम मला झेपत नाही, सोडून द्यावं, असंच वाटायला लागलं.

शनिवारी मी हे सगळं एका दमात सांगितलं. शाळेत समुपदेशक असलेल्या सुदर्शनच्या तोंडात पोहे होते, ते समोरच्या चटईवर पोचले. बाईंचे खांदे हलले, चष्मा निघाला.

"अहो बाई, माणूस गेला माझा!" मी ओरडले.

"व्हय गं पोरी," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "पर मांजर!" आणि पुन्हा सुरू. मला राग आला होता. तरी तो आवाज ऐकून मीही हसायला लागले, आणि हसता हसता पुन्हा रडायला.

मग बाईंनी स्वतःची चूक काढली. "मी नोकरीत नवी व्हते. घरभेटीला गेले, नवराबायकोला समोर बसवलं, दीड तास समजावलं. निघताना कळलं, मला जायचं व्हतं शेजारच्या घरी. ते बिचारे भिडस्त, नाय म्हणाले नायत."

"मग?" सुदर्शन म्हणाला.

"मग काय, त्यांचंबी लई भांडण निघालं. दुसऱ्या आठवड्याला त्यांनीच बोलावलं."

सगळे लोळत असताना त्या एकदम थांबल्या आणि माझ्याकडे वळल्या. "निशा, नाव चुकलं ते चालतं. मांजर कशाला आणलंस? त्याला तुझा खोटेपणा दिसला. एक फोन कर. 'या' म्हणू नको. खरं सांगायचंय, एवढंच म्हण."

मी फोन केला. तो "बघतो" म्हणाला. मला आशा नव्हती, पण गुरुवारी तो आला. दारातच उभा राहिला.

"माझ्या ओळखीच्या एक वडीलधाऱ्या बाई आहेत," मी म्हणाले. "तुमचं नाव न सांगता मी त्यांच्याशी आणि तिथल्या तिघा समुपदेशकांशी तुमच्याबद्दल बोलते. पहिल्या दिवशीच्या फॉर्मवर ते लिहिलं होतं, पण मी तुम्हाला नीट समजावलं नाही. शेपू हे तिथलं तुमचं नाव. मांजर खोटं होतं. माझं चुकलं."

"माझ्याबद्दल बोलता?" त्यानं विचारलं. "काय?"

"तुम्ही मशीनची एवढी काळजी करता, तुमची कोण करतं, हे मला कळत नाही म्हणून विचारते. तुम्हाला मदत करण्यात मी कुठं कमी पडते, ते विचारते."

"किती वेळ?"

"मागच्या महिन्यात एका शनिवारी पाऊण तास."

तो खाली बसला. "पाऊण तास," तो म्हणाला. "घरून फोन येतो, दोन मिनिटं. विहिरीवरची मोटार जळाली, पोराचं ॲडमिशन हाय, पैसे पाठव, की ठेवला फोन. मी कसा आहे म्हणून कुणी दोन मिनिटंबी..." त्यानं रुमालात तोंड घातलं. माझेही डोळे भरले होते.

मग त्यानं मान वर केली. "या शनिवारी बोलणार का माझ्याबद्दल?"

"तुम्ही नको म्हणालात तर नाही."

"नाय, बोला की," तो म्हणाला. "पर आधी ऐकून घ्या. अजून मी तुम्हाला काहीच सांगितलं नाय."