मोटर बंद केली का?

आमच्या घरात पाऊल टाकलं की ते आधी कान टवकारायचे. नमस्कार नाही, कसे आहात नाही. मान जराशी तिरपी करून घरातले आवाज ऐकायचे आणि विचारायचे, "मोटर बंद केली का?"

आमच्याकडे मोटर नाही, हे मी त्यांना निदान वीस वेळा सांगितलं असेल. ॲडम्सटाउनमध्ये, आमच्या या आयरिश उपनगरात, घरांत पाणी वर चढवावं लागत नाही, ते नळाला आपोआप येतं. ते शांतपणे ऐकून घ्यायचे आणि जाताना म्हणायचे, "तरी पण पाहून घे ना एकदा."

ते आमच्या शेजाऱ्याचे वडील. नागपूरहून तीन महिन्यांसाठी आले होते. आम्ही त्यांना नुसतं काका म्हणायचो. नागपुरातल्या त्यांच्या सोसायटीत पाण्याची मोटर लावणं आणि टाकी भरली की बंद करणं, हे काम निवृत्त झाल्यापासून त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. एकदा ते लग्नाला गेले असताना कुणीतरी मोटर चालूच ठेवली. ती कोरडी फिरली आणि जळली. चोवीस घरं तीन दिवस पाण्यावाचून होती. ही हकिकत ते इतक्या वेळा सांगत की त्या चोवीस घरांतली निम्मी आडनावं मला पाठ झाली आहेत. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. असेल तर माझी कीव करा.

त्याच सुमाराला आमची मुलगी दिवस भरायच्या सात आठवडे आधी जन्मली. मूठभर पोर, काचेच्या पेटीत. बायको दिवसभर तिच्यापाशी, मी ऑफिसातून थेट हॉस्पिटलात. काकांनी आमच्या जेवणाचा डबा स्वतःकडे घेतला. त्यांच्या सुनेनं केलेला डबा रोज दुपारी आमच्या फ्रिजमध्ये ठेवायचा, म्हणून मी त्यांना घराची चावी दिली. माणूस मदत करत होता, हे मला नाकारायचं नाही.

बाळाला घरी सोडायची वेळ आली तेव्हा नर्सनं एकच गोष्ट बजावली. घर गरम हवं, आणि सारखं गरम हवं. जानेवारी महिना होता. एरवी दिवसा बंदच असलेलं हीटिंग मी चालू केलं, थर्मोस्टॅट एकवीसवर ठेवला आणि निश्चिंत झालो.

त्या संध्याकाळी घरी आलो तर घर थंडगार. स्वयंपाकघरातल्या कपाटात, इथल्या भाषेत प्रेसमध्ये, आमचा गॅसचा बॉयलर आहे. त्याच्यावर लाल दिवा. मी रीसेटचं बटण दाबलं, तो मुकाट्यानं सुरू झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लाल दिवा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. बॉयलरवाला येऊन गेला, अर्धा तास त्याच्याकडे बघत बसला आणि म्हणाला, "ग्रँड आहे. काही झालेलं नाही." तो गेला आणि चौथ्या दिवशी पुन्हा लाल दिवा. बाळ परवा घरी यायचं होतं. यंत्राला शिव्या घालून झाल्या, बॉयलरवाल्याला घालून झाल्या, मग मी रजा टाकली आणि त्याला भर दुपारी पुन्हा बोलावलं.

आम्ही दोघं बॉयलरसमोर उभे होतो. घर तापलं, आतली ज्योत विझली, पण पंपाची घुरघुर चालूच होती. तेवढ्यात पुढच्या दारात चावी फिरली. काका आले. हातात डबा, मान तिरपी. आमच्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं. "पाहा, आग विझली तरी मोटर चालूनच राहिली," असं स्वतःशीच पुटपुटत त्यांनी सरळ भिंतीवरचं बॉयलरचं बटण खट्‌कन बंद केलं.

बॉयलरवाला हसायला लागला. "हा घे तुझा बिघाड," तो म्हणाला. "डबा घेऊन आलाय."

मग त्यानं समजावलं. ज्योत विझली तरी बॉयलरचं पोट तापलेलंच असतं. म्हणून बॉयलर पंपाला आणखी काही मिनिटं चालू ठेवतो. उरलेली उष्णता पंप पाण्याबरोबर रेडिएटरकडे नेतो आणि मग आपोआप थांबतो. मध्येच वीज तोडली तर पाणी जागच्या जागी उकळायला लागतं आणि बॉयलर स्वतःला कुलूप घालून घेतो. रीसेट केल्याशिवाय पुन्हा पेटत नाही.

"पण बटण तर रोज चालूच असायचं," मी म्हणालो.

"मी लावत होतो ना," काका म्हणाले. "दहा मिनिटं मोटर थंड होऊ द्यायची, मग बटण लावायचं आणि घरी जायचं. कोरडी फिरून जळली असती तर? लेकरू येऊन राहिलं घरी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार दिवस! मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. शेवटी, त्या परक्या माणसासमोर, मी हात पुढे केला आणि म्हणालो, "चावी द्या, काका." त्यांनी डबा ओट्यावर ठेवला, चावी त्याच्या झाकणावर ठेवली आणि दाराकडे गेले. चपला घालायला त्यांना फार वेळ लागला.

बाळ ठरल्या दिवशी ऊबदार घरात आलं. दोन दिवसांनी काकांनी, चावी दिल्यापासून पहिल्यांदाच, आमची बेल वाजवली. "बाप्पा, मला ते एकदा ऐकायचं आहे," म्हणाले. मी वैतागूनच खुर्ची दिली. ते बॉयलरसमोर मनगटावरचं घड्याळ धरून बसले. ज्योत विझली. पंप चालत राहिला, चालत राहिला आणि थांबला.

"सहा मिनिटं," ते म्हणाले. "कोणाला सांगावं लागलं नाही." मग मनगट खाली करत म्हणाले, "म्हणजे इथं कोणाची गरजच नाही."

तेव्हाच चावी त्यांच्या हातात ठेवायला हवी होती. पण माझा राग अजून पुरता उतरला नव्हता. पुढच्या खेपेला देऊ, असं मनाशी म्हटलं आणि बाळाची बाटली उकळायला गेलो. परत आलो तर ते गेले होते आणि बटणाच्या वर एक कागद चिकटवलेला होता. सोसायटीच्या फलकावर लावावा तसा, खाली सही-तारखेनिशी. "हे बटण कोणीही बंद करू नये. मोटर आपली आपण थांबते. धीर धरावा."

काका नागपूरला परतले आणि पुढची खेप झालीच नाही. मागच्या हिवाळ्यात शेजारी दारात येऊन म्हणाला, "बाबा गेले, आज सकाळी." एवढंच बोलला आणि विमानाची तिकिटं बघायला गेला. मी स्वयंपाकघरात येऊन उभा राहिलो. ज्योत नुकतीच विझली होती, पंप चालू होता. माझी लेक, तोवर तीन वर्षांची झालेली, तिच्या आयरिश इंग्रजीत म्हणाली, "डॅडी, टर्न इट ऑफ."

"नको," मी म्हणालो. "थांबेल आपोआप."

तो थांबेपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे होतो. बटणाशेजारच्या खिळ्याला काकांची चावी अजून लटकते आहे.