भरधाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही धड कळत नाही.

रत्नागिरीच्या एका छोट्या दैनिकात मी बावीस वर्षं दुसऱ्यांच्या बातम्या तपासतोय. वाक्यं नीट करायची, मथळा द्यायचा. माझं नाव कुठेच छापून येत नाही, आणि त्याचं कधी वाईटही वाटलं नव्हतं. मग मेधा आली. देवरुखची, पंचविशीतली वार्ताहर. तिच्या बातमीत दुरुस्त करण्यासारखं काही सापडायचंच नाही. संपादक म्हणायचे, "हिच्या कॉपीला हात लावू नका." हे मला — मला! एकदा घरी गेलो, तर काजू फोडणाऱ्या बायकांवरची तिची बातमी माझ्या बायकोने कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली. त्या रात्री मी जेवलो नाही. पोट बिघडलंय म्हणालो.

मत्सर? छे. 'पोर अजून कच्ची आहे,' एवढंच मी स्वतःशी म्हणायचो.

मग संगमेश्वरच्या बाजूला एका रेल्वे फाटकात अपघात झाला. मेधा तिथे पोचली, पण इंटरनेट मिळेना, म्हणून तिने बातमी मला फोनवर सांगितली. टेम्पो रुळांवरच बंद पडला. चालक उतरून ढकलत होता. तेवढ्यात गाडी आली. तो जागीच गेला. शेवटी ती म्हणाली, "काका, 'टेम्पो धडकला' असं नका हं लिहू. तो उभाच होता. आणि 'भरधाव' तर नकोच."

मला शिकवत होती!

मी टाइप केलं — 'भरधाव टेम्पो रेल्वेवर आदळला, चालक ठार.' खाली तिचं नाव. सवयीने लिहिलं गेलं, असं म्हणता आलं असतं. अपघात म्हटला की आमच्याकडे 'भरधाव' आपोआप येतो. पण त्या दिवशी तो आपोआप आला नव्हता. मी हात थांबवला होता, विचार केला होता, आणि मग लिहिला होता.

तिसऱ्या दिवशी चालकाची बायको भावाला घेऊन ऑफिसात आली. हातात आमचा अंक. रडली नाही, ओरडली नाही.

"तीस वर्सं टेम्पो चालवलान," ती म्हणाली, "कुनाच्या कोंबडीवर चाक घातलान नाय. आता गावात मानसं म्हनतात, मस्तीत गेला. असं कोनी लिवलान?"

मेधा माझ्याकडे वळली. "काका, मी बंद पडला सांगितलं होतं ना?"

सगळे बघत होते. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "तू भरधाव म्हणालीस. मी दोनदा विचारलं तुला."

ती आठवत राहिली. तिच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं — ती माझ्यावर नाही, स्वतःवर संशय घेत होती. मग त्या बाईचे दोन्ही हात धरून म्हणाली, "ताई, माझीच चूक झाली." आणि मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. त्या बाईसमोर, त्या क्षणी — बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळींचा खुलासा छापला. गावात तो कुणी वाचला असेल? दोन महिन्यांत मेधाने नोकरी सोडली.

मागच्या वर्षी लांज्याच्या स्टँडवर भेटली. एका दवाखान्यात नंबर लावायचं काम करते. वाकून नमस्कार केला मला. लिहितेस का, विचारलं, तर हसली.

"नाही हो काका. मी एक बोलते आणि तोंडातून दुसरंच जातं, हे कळलं ना तेव्हा. आता पेशंटचं नावसुद्धा तीनदा म्हणून बघते."

मी मान हलवली. तिची एसटी लागली, तशी ती गेली.