मी ओलं केलेलं ढेकूळ

आमच्या भागात अक्षय तृतीयेला घट मांडतात. शेतात गोल आखून त्यावर धान्यं ठेवायची, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याने भरलेली घागर, शेजारी राजाच्या जागी पानाचा विडा. दुसऱ्या दिवशी पहाटे जाऊन बघायचं. जे ढेकूळ भिजलं त्या महिन्यात पाऊस. जे दाणे गोलाबाहेर गेले त्या पिकाचं काही खरं नाही. माझ्या आजोळी मांडणी होत असे. मामांच्या मागे उभं राहून मी ती वाचायला शिकलो. पुढे खामगावात कारकुनी करतानाही लोक विचारायला येत. माझं सांगणं कधी जुळे, कधी नाही. पण दिसलं तेच मी सांगत आलो. एकदा सोडून.

बायकोच्या आजारपणात मुलगा पुण्याची नोकरी सोडून घरी आला. त्याला कॉम्प्युटरवरच्या एका खेळाचं वेड होतं. जादू, राक्षस, पडकी राज्यं. आपण त्यातलं एक माणूस व्हायचं आणि निघायचं. आईच्या खाटेजवळ बसून तो खेळायचा. ती डोळे मिटूनच विचारायची, "आज कुठलोक गेला रे?" कुठवर पोचलो ते तो सांगायचा. ती गेल्यावर असं विचारणारं कोणी उरलं नाही. मी तरी विचारलं नाही.

त्या खेळाचा दुसरा भाग येणार, एवढंच कितीतरी दिवस ऐकू येत होतं. मुलगा त्याबद्दल फोनसमोर बोलून व्हिडिओ टाकू लागला, तेही आपल्या वऱ्हाडीत. नांदुऱ्यापासून नागपूरपर्यंत लोक ऐकू लागले. बाजारात मोबाईल दुरुस्त करणारा त्याचा मित्र संध्याकाळी यायचा आणि दोघांची जुंपायची.

"नव्या ट्रेलरमधली झाडं पाह्यली का बे? पानपान हालून राह्यलं," मुलगा म्हणायचा.

"झाडं काय चाटतं? मागच्या भागात एखाद्याले दगा देला तर गावभर लोकं तोंड फिरवत. ते ठेवलं का नाही, ते सांग. लिहिणारे कंपनी सोडून गेले म्हणते."

"अर्धेच गेले."

"कोनते अर्धे? गोष्ट लिहिणारे का झाडं काढणारे?"

यावर मुलगा ट्रेलर पुन्हा लावायचा.

अशात पुण्याहून पुन्हा नोकरीसाठी विचारणा झाली. मुलगा म्हणाला, "खेळ यंदा आला तर इथंच राहून हेच काम वाढवतो. नाही तर जातो." नेमका तो अक्षय तृतीयेचा आठवडा होता. मित्र हसत मला म्हणाला, "काका, ज्वारी-कपाशीचं सांगता, आमच्या गेमचंबी पाहा ना. विडा म्हंजे कंपनीचा मालक. विडा हालला का मालक पयाला!"

मस्करीतच आम्ही मागच्या अंगणात घट मांडला. ढेकळं वर्षाच्या उरलेल्या आठ महिन्यांची धरली, दोन महिन्यांना एक. पण माती रचताना मुलगा हसत नव्हता.

पहाटे मी एकटा उठून पाहिलं. चारही ढेकळं कोरडी. विडा कलंडून मातीत पडलेला. आत मुलगा झोपला होता. तो गेल्यावर घरात आवाज कुणाचा असेल, हा विचार आला आणि मी ओंजळीत पाणी घेऊन तिसऱ्या ढेकळावर सोडलं. विडा झटकून जागेवर ठेवला. मग त्याला हाक मारली.

ओल्या मातीला त्याने बोट लावून पाहिलं. "दिवाळीच्या आंधी, बाबा?"

"हो," मी म्हणालो.

त्याने पुण्याला नकार कळवला.

दिवाळी गेली. खेळाची तारीख पुढे गेली, मग पुन्हा गेली. पुढे तर कंपनी तारीख सांगेनाशीच झाली. नव्या भागात खेळातल्या तलवारीही खरे पैसे देऊन घ्याव्या लागतील, अशी बातमी आली. ऐकणारे रागावले, मग कमी झाले. मित्र अकोल्याला गेला. पुण्याची जागा केव्हाच भरली. मुलगा मात्र रोज संध्याकाळी दार लावून फोनसमोर बसायचा आणि उरलेल्या थोड्या लोकांना सांगायचा, येईल, धीर धरा. त्याचा आवाज घरात राहावा एवढंच मला हवं होतं. तोच आवाज दाराआडून ऐकताना माझ्याच्याने जेवण होईनासं झालं.

मागच्या आठवड्यात चहाच्या वेळी मी त्याला सगळं सांगितलं. ओंजळ, पाणी, विडा, आणि मी ते का केलं तेही.

त्याने कप खाली ठेवला. "चारही कोरडी होती?"

"चारही."

आता तो पुण्याचं काढेल, वाया गेलेल्या वर्षांचं काढेल, मला बोलेल, म्हणून मी मान खाली घालून थांबलो. त्याने बोलावं असंच वाटत होतं.

"म्हंजे तो खेळ येतच नाही का, बाबा?"

खोटं सांगण्याची सोय मीच संपवली होती आणि खरं मला माहीत नव्हतं. "मले नाही माहीत," एवढंच मी म्हणालो. त्याने मान हलवली, दोन्ही कप उचलून विसळायला नेले.

त्या संध्याकाळी त्याच्या खोलीतून बोलणं ऐकू आलं नाही. त्यानंतरही आलेलं नाही.