सतरा नंबरचं ताट

खेळाडू मुलींच्या वसतिगृहात बावीस वर्षं स्वयंपाक करणाऱ्या त्या बाईला नाव असेलच की काहीतरी, पण तिच्या आईनंतर ते कुणी उच्चारलं नव्हतं. ती सगळ्यांची मावशी. तिच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले धावण्याचे सरसुद्धा तिला मावशीच म्हणत. तोंडाने फटकळ, पण एखादी पोर अर्ध्या पोटी उठली की हिचा जीव खालीवर व्हायचा.

प्रत्येक मुलीचं ताट ठरलेलं, कडेला नंबर कोरलेला. वाढायचे डाव दोन. मोठा सगळ्यांसाठी. छोटा सरांनी स्वतः आणून दिलेला, लांब पल्ला धावणाऱ्या पोरींसाठी. "वजन कमी तर वेग जास्त," असं म्हणत त्यांनी भिंतीवर तक्ताही चिकटवला होता: कुणाला किती कॅलरी, भात किती, अंडं एक की दोन. कॅलरी कशाशी खातात ते मावशीला ठाऊक नव्हतं, पण सर शिकलेले. त्यांनी सांगितलं, हिने ऐकलं.

दोन वर्षांपूर्वी सतरा नंबरची पोर रोज ताट पुढे करायची. "मावशी, अजून अर्धा डाव द्या ना." मावशी डावानेच तक्ता दाखवायची. "माझ्याकडे काय बघतेस? त्या भिंतीला विचार." सगळ्या खिदळायच्या. तीही हसायची. एका सकाळी ती मैदानात पळता पळता पडली, ती उठलीच नाही. हृदय आधीपासून कमजोर होतं म्हणे. मावशीने तिचं ताट पुसून कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात अडकवली.

यंदा एक नवी पोर आली. पंधरा वर्षांची, बारीक आवाजाची, म्हणून सगळ्या तिला चिमणी म्हणत. सकाळ-संध्याकाळ धावायची. सरांनी तिला छोट्या डावावर टाकलं, आणि त्याच दुपारी भांडी घासून झाल्यावर मावशी बघते तर काय, रचलेल्या ताटांत सगळ्यात वर सतरा नंबर. ओलं. कडेला भाताचं एक शीत चिकटलेलं.

कपाटाचं कुलूप जागच्या जागी. किल्ली गळ्यात. आत ताट नाही.

भांडी घासणाऱ्या बाईने कानावर हात ठेवले. "पोरी तेवीस, मी ताटंही तेवीसच घासली, मावशी. हे माझ्या हाताखालून गेलंच नाही."

मावशीने ताट पुन्हा कुलपात घातलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. भर दुपारी, डोक्यावर पंखा गरगरत असताना, त्या रिकाम्या जेवणघरात तिच्या अंगावर सरसरून काटा यायचा. शेवटी तिने कुलूप लावायचंच सोडलं.

इकडे चिमणी वाळत चालली होती. भर उन्हात उभी राहून थंडी वाजते म्हणायची. केस विंचरले की हातात गुंतवळ. तीन महिने पाळी आलेली नव्हती. एकीचा मुरगळलेला पाय बघायला डॉक्टरीणबाई आल्या होत्या, त्यांचं लक्ष आधी चिमणीकडे गेलं आणि मग भिंतीकडे.

"हा तक्ता कुणी केला? खुर्चीत बसून काम करणाऱ्या बाईलाही पुरायचं नाही एवढंसं. हिचं वाढीचं वय, त्यात दोन वेळा धावणं. अडीच हजार कॅलरी तरी पोटात जायला हव्यात, सराव जोरात असेल तेव्हा त्याहून जास्त. पोटाला मिळालं नाही की हाडं ठिसूळ होतात, हृदयसुद्धा थकतं."

"डॉक्टरांनी कधी शर्यत जिंकलीय का?" सर हसत म्हणाले.

मावशीच्या काळजात मात्र चर्र झालं. म्हणजे त्या सतरा नंबरच्या पोरीचं हृदय मुळात कमजोर नव्हतं? तरी तिने भाजीत मान घातली. या वयात नोकरी गेली तर जायचं कुठे? त्या दुपारीही चिमणीला छोटाच डाव मिळाला. मावशीला स्वतःची किळस आली.

दुसऱ्या दिवशी रांगेत चिमणी पुढे आली. ओठ पांढरेफटक, पाय लटपटत होते. तिचं ताट नऊ नंबरचं. पण हातात होतं सतरा.

मावशीच्या हातून छोटा डाव खाली पडला. तिने तो उचलला नाही. मोठा घेतला आणि भाताचा ढीग वाढला, दोन अंडी ठेवली, दूध ओतलं.

"मावशी, तक्ता!" सर मागून ओरडले.

"तक्ता तुम्ही खा," मावशी म्हणाली. "एक पोर या हातांनी मारली मी. दुसरी नाही मारायची. काढा मला कामावरून, पण आधी डॉक्टरीणबाईंना फोन लावते."

मावशीने चिमणीला खाली बसवलं, समोर बसून खाऊ घातलं. चार घास पोटात गेल्यावर तिच्या गालांवर जरा रंग आला.

"हे ताट कुठून आणलंस गं?" मावशीने हळूच विचारलं.

"दाराशी एका ताईने दिलं. म्हणाली, हे घेऊन जा आणि पोटभर माग. मी म्हटलं, मावशी तक्ता दाखवतील. तर हसली. म्हणाली, आता नाही म्हणणार नाहीत."

मावशी सगळ्यांसमोर हमसून हमसून रडली. मग पदराने डोळे पुसून उठली आणि त्या ताटात अजून अर्धा डाव वाढला.