गेटाच्या आत खाल्लेला डबा

मी परदेशी निघाले त्या सकाळी, माझे वडील, आबा, कामाला होते त्या फाउंड्रीत संप चालू होता. तरी ते रोजच्याच वेळी डबा घेऊन निघाले, मला उचगावच्या फाट्यावर एसटीत बसवलं आणि तसेच गेटावर गेले. संपातही डबा न्यायचा, जेवणाच्या सुट्टीत गेटाबाहेर बसून खायचा, हा त्यांचा नेम. "संप म्हंजे सुट्टी न्हवं, पोरी," म्हणायचे. त्यांच्या संपाच्या पत्रकांवर मी अक्षरं गिरवली. त्यांत स्ट्राइक हा शब्द हमखास असायचा. स्ट्राइक म्हणजे तडाखा, असं आबांनी शिकवलं होतं. त्याआधीच्या एका संपात शेजारचे महादूकाका कामावर गेले, तेव्हा त्यांच्या दारावर चुन्यानं 'फितूर' लिहिणारी मीच होते. काकू दोन दिवस दार घासत होत्या. मला जराही वाईट वाटलं नव्हतं.

आता मी इंग्लंडमधल्या एका बंदराच्या गावात, मालवाहू कंपनीत कंटेनरच्या नोंदी करते. गेल्या महिन्यात इथल्या कारकुनांनी संप पुकारला. मॅनेजरनं मला बोलावून, आवाज न चढवता, माझा व्हिसा कंपनीच्या हातात असल्याची आठवण करून दिली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरची मार्गारेट गेटावर पत्रकं वाटत होती. एक माझ्या हातात दिलं. ते घेऊन मी आत गेले.

आत बसून वाचलं. जुन्या काळी मजुरीसाठी अडून बसलेले खलाशी जहाजाची शिडं खाली उतरवायचे. त्या उतरवण्यालाच स्ट्राइक म्हणत. त्यावरून हा शब्द आला. मग मी डबा उघडला आणि मार्गारेटचं काम करत जेवले.

फोनवर आबांना शिडांची गोष्ट सांगितली. ते खूश झाले. "म्हंजे हाणायचं न्हायच. आपलं शिड खाली घ्यायचं. बेस हाय की." मग म्हणाले, "तू बसलीस न्हवं गेटावर? डबा न्हेलतीस?"

"व्हय, आबा."

चहाच्या गाड्यावर ते सांगत असतील, आमची पोरगी बी तिकडं संपावर हाय. गावाकडच्या तुम्ही ते ऐकलं असेल, म्हणून लिहिते. ती पोरगी मी नव्हे. आणि माझ्यासारखे जे इकडे आलात, तुम्ही कोणत्या बाजूला जेवलात ते तुमचं तुम्हाला माहीत.

महादूकाकांची माफी मागायचीही माझी लायकी उरलेली नाही. घर म्हणजे आता उचगावातलं आमचं ते एक दार, ज्यावर अजून कुणी चुन्यानं काही लिहिलेलं नाही.