भिक्खूच्या वाडग्यात फुलं

बातमी आली तो बाजाराचा दिवस होता. दिवाळीची सुटी लागलेली, म्हणून मी सकाळपासून कासमभाईंच्या दुकानाच्या पायरीवर बसून होतो. दहा वाजले तरी धुकं हटत नव्हतं. रस्त्यावरचं माणूस आधी आवाजाने कळायचं, मग पायांनी, आणि चेहरा दिसेपर्यंत ते पुढे गेलेलं असायचं.

पुढे माझी जी फजिती झाली ती मी आजवर फक्त कासमभाईंशी बोललो आहे, आणि तेही त्यांनी ती डोळ्यांनी पाहिली होती म्हणून. आज तुम्ही आलाच आहात, तर ऐका. हसायचं असेल तर शेवटी हसा. मधेच हसलात तर मला पुढचं सांगवणार नाही.

कासमभाईंचं दुकान तांब्यापितळेच्या भांड्यांचं. ते एका पातेल्याला कल्हई करत होते. तेवढ्यात पोशेऱ्याचा लाडकू धुक्यातून डोक्यावर नागलीचं गाठोडं घेऊन आला.

"मास्तर, आमचे पाड्यात काल सकाळी एक बुवा आला," तो गाठोडं उतरवत म्हणाला. "पिवळा कपडा गुंडाळलेला. डोक्याव एक केस नाय, पायात काय नाय."

"काय म्हणाला?"

"काय बोललाच नाय. दारात उभा. डोळं खाली."

"मग?"

"मग काय? माजे बायकोनं भाकरी दिली."

मी कपाळाला हात लावला. "अरे लाडकू, भाकरी कशाला दिलीस?"

"हातात वाडगा होता ना, मास्तर!"

"खाल्ली का त्याने?"

"सगळी."

"तुमचं मन राखायला खाल्ली असेल," मी म्हणालो.

का म्हणालो, तेही सांगतो. त्याच महिन्यात मी एका मासिकात बौद्ध भिक्खूंच्या सिद्धींवर लेख वाचला होता. हे लोक म्हणे परक्याच्या मनातलं ओळखतात. एकाच वेळी दोन ठिकाणी दिसतात. महिनोन्महिने अन्नावाचून राहतात. आणि मेलेलं माणूस कुठे गेलं, हे त्यांना दिसतं.

हे शेवटचं वाक्य मी किती वेळा वाचलं असेल, ते विचारू नका.

माझी पत्नी आदल्या वर्षी गेली. मी त्या आठवड्यात तपासनीस साहेबांबरोबर मोखाड्याकडच्या शाळा तपासायला गेलो होतो. निरोप पोचला, मी निघालो, पण पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. जाताना तिने दोनदा विचारलं म्हणे, "आले का?" तिसऱ्यांदा विचारलं नाही. ती माझ्यावर रागावून गेली का, एवढंच मला कळायला हवं होतं. हे कुणाला विचारणार? मी वर्षभर कुणाजवळ बोललो नव्हतो.

तेवढ्यात कासमभाई म्हणाले, "आमचा गाडीवान जामसरहून आला ना आज, तो पण हेच सांगत होता. पिवळा कपडा, मुंडण. काल सकाळीच!"

"काल सकाळी? नक्की?"

"अहो, तो गाडीवान आहे. बैल हरवेल, वेळ हरवणार नाही."

पोशेरा आणि जामसर, मधे कितीतरी कोसांचं अंतर! एकच सकाळ, एकच माणूस! माझ्या अंगावर काटा आला. मी तिथेच पायरीवर उभा राहिलो आणि लेखातलं सगळं घडाघडा सांगितलं. बाजाराला आलेली दहाबारा माणसं जमली. आमच्या आळीतल्या गंगाबाई तर सूप हातात घेऊनच आल्या.

"आपल्याकडे आले तर काय वाढायचं हो मास्तर?" त्यांनी विचारलं.

"काहीही नाही!" मी ठणकावलं. "अशा पुरुषाला अन्न देणं म्हणजे त्याच्या तपाचा अपमान. फुलं वाहायची."

लाडकूने गाठोडं उचललं आणि जाता जाता कासमभाईंना हळूच म्हणाला, "पन खाल्ली त्यानं. चार भाकरी."

दुसऱ्या दिवशी मी पहाटेच अंघोळ केली. अंगणातले झेंडू काढून परडी भरली. कधी येईल, येईल की नाही, काही ठाऊक नव्हतं. शेवटी अकराच्या सुमारास चुलीवर भात चढवला आणि दारात येऊन उभा राहिलो.

आणि धुक्यातून तो आला.

कसं सांगू? पावलांचा आवाज नव्हता. आधी नुसता पिवळा रंग दिसला, जणू धुक्यालाच आतून कुणी दिवा लावला होता. मग त्याचा माणूस झाला. तिशीचा असेल. माझ्या दारासमोर आला आणि थांबला. सगळी आळी सोडून माझ्याच दारासमोर! (माझं घर आळीच्या तोंडाशी आहे, पहिलंच, हे मला त्या क्षणी आठवायला हवं होतं.)

त्याच्या हातात काळा लोखंडी वाडगा होता. त्याने झाकण काढलं. मी परडी त्यात रिकामी केली.

त्याने फुलांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. पण तो हलला नाही.

तो माझ्यासाठीच थांबलाय, असं वाटलं आणि मी बोलायला लागलो. हात जोडून, डोळे मिटून, हळू आवाजात सगळं सांगितलं. मोखाड्याचं, निरोपाचं, वाटेत ओढ्याला पाणी आलं म्हणून थांबावं लागलं त्याचं. तिच्या आवाजाचं. लग्न होऊन आली तेव्हा ती माझ्याशी महिनाभर बोललीच नव्हती, तेही सांगितलं. मधे डोळे उघडले, तर त्याची नजर माझ्या खांद्यावरून आत गेली होती, थेट स्वयंपाकघराच्या दाराकडे. ती तिथेच उभी राहत असे. दाराला टेकून, ओला हात पदराला पुसत.

तो पाहत होता. एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं. त्याच्या कपाळावर काळजीची आठी आली. मला मागे वळायचं धैर्य झालं नाही. मी नुसतं विचारलं, "रागावली आहे का हो?"

त्याने फार मायेने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा त्या दाराकडे पाहिलं.

इतकं हलकं मला वर्षभरात वाटलं नव्हतं.

मग तो पुढे गेला. आणि आळीने काय केलं असेल? मास्तरांनी फुलं घातली म्हणजे तेच शास्त्र! गंगाबाईंनी फुलं घातली. त्यांच्या पलीकडच्यांनी घातली. एकाने तर कुंपणावरची जास्वंद तोडून आणली. टोकाच्या घरापर्यंत वाडग्याचा नुसता फुलोरा झाला. तेवढ्यात आमच्या संस्थानच्या राजवाड्याच्या पहाऱ्यावर बाराचे ठोके पडले. ते ऐकून तो थांबला, वाडग्यावर झाकण ठेवलं आणि खाली मान घालून तळ्याकडे निघून गेला.

मी घरात आलो तेव्हा भाताचा कोळसा झाला होता. मी म्हटलं, होऊ दे.

दुपारी कासमभाई आले. "मास्तर, चला तळ्यावर. तिथं दोन आहेत."

"दोन?"

"दोन! गाडीवान खरं बोलला, आणि लाडकू पण."

तळ्याकाठच्या आंब्याखाली खरोखरच दोघे बसले होते. एक माझा, एक म्हातारा. म्हाताऱ्याला काशीला राहून हिंदी येत होती. दोघे ब्रह्मदेशातून आलेले, पावसाळा नाशकाकडे काढून आता सोपाऱ्याच्या जुन्या स्तूपाकडे निघाले होते.

"आप अलग-अलग क्यों चलते हैं?" कासमभाईंनी विचारलं.

"छोटे गाँव हैं," म्हातारा म्हणाला. "एक घर पर दो पेट का बोझ क्यों डालें?"

मी खाली पाहिलं. आंब्याच्या मुळाशी झेंडूचा ढीग नीट रचून ठेवला होता.

म्हाताऱ्याने अगदी निर्मळपणे विचारलं, "मेरा साथी पूछता है, क्या यहाँ लोग फूल खाते हैं?"

कासमभाईंनी तोंडावर रुमाल धरला.

मग एकेक कळत गेलं. बारानंतर ते खात नाहीत. तोंडाने मागत नाहीत, दारात उभे राहतात, मिळेल ते घेतात. त्या तरुणाला ना मराठी येत होती, ना हिंदी.

"वह कहता है, पहले घर पर एक सज्जन बहुत देर बोलते रहे। वह समझा, चावल पकने में देर है, इसलिए रुकने को कह रहे हैं। फिर चावल जलने लगा। उसे बड़ी चिंता हुई। पर भिक्षु भोजन की बात कैसे करे?"

"बघा मास्तर," कासमभाई कानात कुजबुजले, "मनातलं नाही, पण चुलीवरचं ओळखलं की!"

माझे कान तापले. लाडकूच्या बायकोने न शिकता जे ओळखलं, ते मला लेख वाचून ओळखता आलं नव्हतं. शिवाय माझ्यामुळे सगळ्या आळीने एका भुकेल्या माणसाला फुलं वाहून उपाशी घालवलं होतं.

"कल सुबह..." मी चाचरत म्हणालो.

"कल हम उजाला होते ही निकल जाएँगे।" म्हातारा हसला. मग जरा पुढे वाकून म्हणाला, "आप उससे कुछ पूछ रहे थे। उसे लगा, कोई बड़ी बात थी। अब कहिए, मैं उसे बता दूँगा।"

तो तरुणही माझ्याकडेच पाहत होता. तसाच मायेने, आणि रिकाम्या पोटी. कासमभाई शेजारी. तळ्यावर पुन्हा धुकं उतरायला लागलं होतं.

तुम्हीच सांगा, मी काय बोलणार होतो?

"कुछ नहीं," मी म्हणालो. "पूछ रहा था, भोजन करेंगे क्या?"

म्हाताऱ्याने त्याला ते सांगितलं. त्याने मला वाकून नमस्कार केला.

उजाडताना ते गेले. मला जे विचारायचं होतं, ते विचारायचं राहिलं.